ठसका कुणालाच आला नाही

प्रवाशांनी लक्ष द्यावे. वसमतहून औंढामार्गे हिंगोलीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. ही कथाही त्याच फलाटावरून सुटेल. प्रवाशांनी आपल्या सामानाची व इज्जतीची काळजी स्वतः घ्यावी.

*

वसमतच्या स्टँडवर वैजनाथराव माइकवर बोलायला लागले की बसलेली माणसं उभी राहत. वैजनाथराव तिथले वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, एवढंच काम. पण सांगण्या-सांगण्यात फरक असतो. "हिंगोली" हा शब्द ते असा काही उच्चारत की परभणीला निघालेले दोघं-तिघं नकळत हिंगोलीच्या गाडीत चढून बसत आणि औंढ्याला उतरून परत येत. त्यातल्या एकानंही कधी तक्रार केली नाही. उलट एक गृहस्थ म्हणाले होते, "चुकलो, पन तुमी बोलावलं अन् आमी गेलो न्हाई, असं बरं दिसतं का?"

तर असा आवाज. आणि तो माघ महिन्यात बसला.

बसला म्हणजे एकदम नाही. आधी सकाळी खरखर. मग दुपारीही खरखर. मग एके दिवशी त्यांनी हिंगोलीची गाडी पुकारली आणि समोरच्या बाकावरची माणसं शेंगदाणे खात बसूनच राहिली. एकजण तर वर भोंग्याकडे बघून शेजाऱ्याला म्हणाला, "भोंगा खराब झाला वाटतं." वैजनाथरावांनी माइक बंद केला आणि बराच वेळ ते टेबलावरच्या वेळापत्रकाकडे बघत राहिले. ते त्यांना तोंडपाठ होतं.

डॉक्टर म्हणाले, धूळ आणि धूर. बोलू नका.

आगारसाहेब म्हणाले, "वैजनाथराव, आता शिवरात्र येऊन राहिली."

याचा अर्थ वसमतमध्ये कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. शिवरात्रीला औंढा नागनाथाच्या जादा गाड्या सुटतात आणि स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशीचा माइक म्हणजे वैजनाथरावांच्या नोकरीतला सण होता. बाकी वर्षभर ते पगारासाठी बोलत, त्या दिवशी नागनाथासाठी.

साहेबांनी टेबलाखालून पायानंच एक खोकं पुढं सरकवलं. "वरून आलं हाय. रेकॉर्डिंगचं मशीन. सगळ्या गाड्या भरलेल्या हायत त्याच्यात. बाईचा आवाज हाय, गोड. तुमचा गळा सुधारला तर खोकं राहू द्या तसंच. न्हाई सुधारला, तर शिवरात्रीला उघडावं लागंल."

वैजनाथरावांनी खोक्याकडे पाहिलं. त्यात एक बाई होत्या. त्या कधी रजा मागणार नव्हत्या, चहाला उठणार नव्हत्या, आणि त्यांचा गळा कधीच बसणार नव्हता. त्या क्षणापासून त्यांच्या मनात त्या बाईंविषयी जी भावना उत्पन्न झाली, ती एका सभ्य गृहस्थाला परस्त्रीविषयी शोभणारी नव्हती.

*

प्रवाशांनी लक्ष द्यावे. कथेत संशोधन चढत आहे. कृपया पुढे सरका, मागे जागा नाही.

*

त्याच आठवड्यात स्टँडवर एक मुलगी आली. निलम राठोड. मूळची सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावकडच्या तांड्यावरची, आता विद्यापीठात संशोधन करत होती. धुरात आणि धुळीत काम करणाऱ्या माणसांच्या छातीत दिवसभर काय काय जातं आणि त्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो, ते तिला मोजायचं होतं. त्यासाठी तिला माणसं हवी होती. चहावाला नको म्हणाला, हमाल नको म्हणाले. वैजनाथराव मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले.

कारण त्यांना एकदम सगळं दिसलं. फलाटावर रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांचा धूर. मोंढ्याच्या बाजाराकडून येणारी हळदीची पिवळी धूळ. हे सगळं तिच्या हवा मोजायच्या मशीनवर उमटणार. मग आगारसाहेबांना कबूल करावं लागणार की गळ्याचा काही दोष नाही. मग नियंत्रकाच्या खोलीला काचा बसणार, पंखा बसणार, आणि खोकं आलं तसं परत जाणार. विज्ञानावर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता. विज्ञानाला तो सिद्ध करायची संधी आजवर मिळाली नव्हती, इतकंच.

मशीन जेवणाच्या डब्याएवढं होतं. दोन पट्टे खांद्यावरून, डबा छातीवर, आणि डब्यातून निघालेली एक नळी थेट कॉलरपर्यंत. आत पंप होता, तो सतत घुर्र करी. वर एक छोटा दिवा. हवा बरी असेल तर हिरवा, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल.

"काका, एकच सांगते," निलम म्हणाली. "रोज जसं राहता तसंच राहा. स्टँडवर, घरी, कुठंही. मशीन आहे म्हणून काही वेगळं करू नका. अंघोळीला काढा, झोपताना उशाशी ठेवा. बाकी अंगावरच पाहिजे."

"काहीच वेगळं करणार न्हाई," वैजनाथराव घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि शब्द दिला.

आता हा शब्द एका माणसानं पाळून भागण्यासारखा नव्हता. तो सगळ्या वसमतनं पाळायला हवा होता.

ते फलाटावर आले तशी चहावाल्यानं शेगडी उचलून मुतारीमागं नेली. रॉकेल घातल्यासारखा धूर काढणारी एक जुनी जीप त्यांना पाहून स्टँडच्या बाहेरच थांबली आणि प्रवासी चालत आत आले. पानवाला विचारी, "काय वैजनाथराव, शुगरची मशीन व्हय?" हमाल विचारत, "हार्टची?" एका म्हातारीनं नळीला कान लावून पाहिला आणि ती म्हणाली, "आत कुनीतरी घोरून राहिलं."

घरी शेजारी तातेराव दारातच उभे होते. तातेराव हळदीच्या आडतीवर मुनीम. जगातल्या प्रत्येक रोगावर त्यांच्याकडे एकच औषध होतं, आणि ते त्यांच्याच आडतीवर पोत्यानं पडलेलं असे. त्यांनी मशीन सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"हे हवा मोजतं म्हन्ता? मंग एक काम करा ना. आमच्या मागच्या गल्लीत जरा उभं राहा. तिथं एकजन रोज सकाळी बंब पेटवतो. सगळा धूर आमच्या वाळवनावर. पुरावा पायजे मला."

"रोजच्यासारखं राहायचं सांगितलंय," वैजनाथराव म्हणाले.

"मंग रोज उभं राहत जा. म्हन्जे रोजच्यासारखंच झालं की."

वैजनाथराव दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीत छाती पुढं काढून उभे राहिले. बंबवाल्यानं खिडकीतून पाहिलं आणि त्या दिवशी सगळं घर गार पाण्यानं अंघोळ करून शिंकत बसलं. दिवा हिरवाच राहिला. तातेरावांनी वैजनाथरावांशी दोन दिवस बोलणं टाकलं.

*

प्रवाशांनी ल… द्यावे. साखऱ्याहून येणारी… मावशी… थोड्याच वेळात… (खाकरणे)… सोबत सामान भरपूर आहे.

*

बातम्या एसटीनंच फिरतात. हिंगोली गाडीचा कंडक्टर हिरासिंग यानं मशीन पाहिलं आणि हिंगोलीला उतरताना एवढंच म्हणाला की वैजनाथरावांच्या छातीला नळी लावली. सेनगावला पोचेपर्यंत नळी ऑक्सिजनची झाली. गोरेगावच्या जीपमध्ये ती बातमी मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईनं डोळे पुसले. आणि साखऱ्यात ती पोचली तेव्हा सोजरमावशी दारात मिरच्या निवडत बसल्या होत्या. त्यांनी त्या निवडलेल्या मिरच्या तशाच गाठोड्यात बांधल्या आणि त्या निघाल्या.

सोजरमावशी म्हणजे वैजनाथरावांच्या बायकोची, आशाबाईंची मावशी. आशाबाईंची आई लवकर गेली, त्यामुळं मावशीच माहेर होत्या. माहेर घरी चालत आलं की त्याला "कशाला आलात" म्हणता येत नाही, आणि "कधी जाणार" असं तर मुळीच विचारता येत नाही.

मावशींनी जावयाला खुर्चीत बसवलं. त्यांच्या भोवती एक फेरी मारली. मशीनवर बोटानं टकटक केलं.

"कवापासून आवाज गेला?"

"माघ लागला तसा," आशाबाई म्हणाल्या.

"त्याच्या आधी कुनी काई म्हनलं व्हतं का? आवाज चांगला हाय, बराबर हाय, असं?"

वैजनाथराव विचारात पडले. "म्हणजे… लोक म्हणतातच तसं," ते संकोचानं कुजबुजले. "एक लग्नाचं वऱ्हाड होतं. ते म्हणाले, असा आवाज सगळ्या मराठवाड्यात न्हाई."

मावशींनी आशाबाईंकडे पाहिलं. आशाबाईंनी मावशींकडे पाहिलं.

"दिष्ट," मावशी म्हणाल्या.

खरं म्हणजे इथं वैजनाथरावांनी विज्ञानाच्या बाजूनं उभं राहायला हवं होतं. ते मशीन त्यांच्या छातीवर घुर्र करत होतं. पण दोन निदानं समोर होती. डॉक्टरांचं म्हणणं, गळा धुरानं खराब झाला. मावशींचं म्हणणं, आवाज इतका सुंदर होता की लोकांना तो बघवला नाही. म्हणजे ऐकवला नाही. माणूस कितीही शिकला तरी या दोन निदानांत निवड करताना तो एकटाच असतो.

"मावशी म्हन्तात तर काढू द्या," ते म्हणाले.

दृष्ट काढण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. मीठ, मोहरी, वाळलेल्या लाल मिरच्या, माणसावरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. निखारे कुठले, घरी गॅस. पण मावशी म्हणाल्या, ग्यासवर दिष्ट जळत न्हाई. मग इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले, घमेल्यात फुलवले, आणि वाऱ्यानं राख उडू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. दिवेलागणीची वेळ. तातेराव अबोला सोडून बघायला आले होते.

"आल्याची, गेल्याची, चढल्याची, उतरल्याची," मावशी ओवाळू लागल्या. "उभ्याची, बसल्याची, कंडक्टरची, डायवरची, बिनतिकिटाची…"

मिरच्या निखाऱ्यावर पडल्या.

आता महत्त्वाची गोष्ट. मिरच्या जळल्यावर ठसका आला, तर समजायचं की दृष्ट नव्हतीच. आणि ठसका आला नाही, तर दृष्ट होती आणि ती मिरच्यांबरोबर जळाली. हा नियम कुणी केला ते माहीत नाही. पण तो करणारा खोकणाऱ्या माणसांना ओळखून होता.

मावशींनी कंबरेवर हात ठेवून सगळ्यांकडे पाहिलं.

"आला का कुनाला ठसका?"

खोलीत धूर असा भरला होता की भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नव्हतं. वैजनाथरावांच्या गळ्यात एक जनावर वर चढत होतं. पण खोकलं तर दृष्ट नव्हती, म्हणजे आवाज साधाच होता. त्यांनी ते जनावर गिळलं आणि मान हलवली. न्हाई. आशाबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मावशींचा शब्द खोटा पडला तर माहेर खोटं पडणार होतं. त्यांनी पदर दातांत धरून मान हलवली. न्हाई. तातेरावांचा चेहरा वांग्याच्या रंगावर गेला होता. ते पाहुणे होते आणि घरच्यांना आला नाही तो ठसका पाहुण्यानं काढणं बरं दिसलं नसतं. न्हाई.

मशीनचा दिवा लाल झाला होता. त्याला कुणी विचारलं नाही.

"बगा," मावशी म्हणाल्या. "लई मोठी व्हती. एका डावात उतरायची न्हाई. उद्या पुन्यांदा."

*

प्रवाशां… … … द्यावे. (ही सूचना खडूनं फळ्यावर लिहून लावण्यात आली आहे.)

*

उद्या पुन्हा, आणि परवा पुन्हा. प्रत्येक दिवशी ठसका आला नाही, म्हणून प्रत्येक दिवशी मिरच्या वाढल्या. चिमटीच्या मूठ झाल्या, मुठीची ओंजळ. तिसऱ्या संध्याकाळपासून त्यात बिब्बा पडला. तातेरावांनी घरची वस्तू म्हणून हळकुंडं आणून टाकली. आता ते रोज येत. पहिल्या दिवशी "न्हाई" म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी "व्हय" कसं म्हणणार? आडतीवर दिलेला शब्द फिरवत नाहीत. ते येण्याआधी घरी दीर्घ श्वास घेण्याचा सराव करत, असं त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं.

आजाऱ्याला भेटायला येणारेही वाढले. केळी घेऊन येत, बसत, दिवेलागणीला अडकत, आणि धुरात डोळे मिटून मान हलवत. न्हाई बुवा. अजिबात न्हाई. बाहेर पडल्यावर ती माणसं कोपऱ्यापर्यंत सभ्यपणे चालत जात, आणि कोपरा वळल्यावर जे ऐकू येई त्याला गल्लीतली कुत्री उत्तर देत.

एकट्या मावशी शांत. एका दुपारी आशाबाईंनी भीतभीत विचारलं, "मावशी, तुमाला खरंच काई होत न्हाई?"

"मला काय व्हायचं? चुलीपुढं जलम गेला. पऱ्हाटीच्या काड्या, तुरीच्या तुराट्या, शेनाच्या गवऱ्या. मला कवाचाच कशाचा वास येत न्हाई. जिना चढले की दम लागतो तेवढा, पन ते वय हाय." आणि त्या मिरच्यांची देठं काढू लागल्या.

आशाबाई यावर काहीतरी बोलणार होत्या. पण तोंड उघडलं की खोकला येईल अशी धास्ती त्यांना हल्ली दिवसभर असे.

वैजनाथरावांचा आवाज आता पूर्ण गेला होता. स्टँडवर ते फळ्यावर खडूनं लिहीत. अक्षर चांगलं होतं, पण अक्षराला कुणी उठून उभं राहत नाही. टेबलाखालचं खोकं साहेबांनी टेबलावर घेतलं होतं. त्याची वरची पट्टी कापलेली होती.

आणि शिवरात्र दोन दिवसांवर आली तेव्हा निलम हिशोब घेऊन आली. म्हणजे हवेचा.

*

ही कथा येथे चहापाण्यासाठी थांबेल. खाली उतरणाऱ्यांनी आपली जागा रुमाल टाकून धरावी.

*

आगारसाहेबांच्या खोलीत निलमनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक रेघ होती. रेघेवर दिवसभर छोट्या छोट्या टेकड्या, आणि सुरुवातीचे काही दिवस सोडले तर प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक डोंगर. कड्यासारखा सरळ वर गेलेला.

वैजनाथरावांना आनंदानं भरून आलं. त्यांनी साहेबांचा हात धरून तो डोंगराच्या शिखरावर टेकवला आणि कागदावर लिहिलं, 'ही हिंगोली गाडी. रिव्हर्स घेताना. आता तरी काचा बसवा.'

"नाही काका," निलम म्हणाली. "स्टँड म्हणजे ह्या टेकड्या. चांगलं नाहीच ते, काचा बसवायलाच पाहिजेत. पण हा डोंगर तुमची ड्यूटी संपल्यानंतरचा आहे. दिवेलागणीचा. तेव्हा तुम्ही कुठं असता?"

वैजनाथरावांनी लिहिलं, 'घरी.'

साहेबांनी चष्मा वर केला. "घरी डांबर उकळता का तुमी?"

"मी हळद पॉलिशच्या कारखान्यातल्या माणसांना मशीन लावलं," निलम म्हणाली. "वीटभट्टीवर लावलं. एवढं कुणाचं येत नाही. मला वाटलं मशीनच बिघडलं. काका, मी सांगितलं होतं ना, रोजच्यासारखं राहा म्हणून?"

वैजनाथरावांनी कागद पुढं ओढला. काय लिहावं? 'मला दृष्ट लागली आहे' हे वाक्य मनात बरं वाटत होतं. वाहतूक नियंत्रकाच्या हस्ताक्षरात, महामंडळाच्या कागदावर, ते अंगावर आलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'घरगुती कार्यक्रम असतो.'

"मग आज मी येते कार्यक्रमाला," निलम म्हणाली.

"मीबी येतो," साहेब म्हणाले. त्यांना डांबर बघायचं होतं.

*

प्रवाशांनी… … … … … औंढा… … … … जादा.

*

साहेब स्वतः घरी आलेले पाहून मावशींना भरून आलं. जावयाची केवढी किंमत. त्यांनी उरलेलं अख्खं गाठोडं घमेल्याशेजारी सोडलं.

"पोरी, कोन्या गावची?" त्यांनी निलमला विचारलं.

"गोरेगावजवळ तांडा आहे आमचा, मावशी."

"आगं, मंग साखऱ्याची शेजारीनच की तू. बस हितं. तुझीबी काढते. सायबाचीबी काढते. लई लोकांच्या नदरंत असतेत साहेब लोक."

साहेबांनी नको म्हणायला तोंड उघडलं. पण आपण कुणाच्याच नजरेत नाही, हे एका अधिकाऱ्यानं हाताखालच्या माणसाच्या घरात कबूल करावं कसं? त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते बसले. दारं लागली. खिडक्या लागल्या. तातेराव आधीच छाती फुगवून कोपऱ्यात बसले होते आणि कुणाशी बोलत नव्हते. श्वास जमवून ठेवला होता.

"चढल्याची, उतरल्याची, सायबाची, सायबाच्याबी सायबाची, लापटापची, डब्याची, नळीची…"

ओंजळ निखाऱ्यावर पडली. मग दुसरी. मग बिब्बे तडतडले.

दिवा हिरव्याचा पिवळा झाला. पिवळ्याचा लाल. वैजनाथरावांना समोर बसलेले साहेब दिसेनासे झाले, फक्त टोपीचा बिल्ला चमकत राहिला.

"आला का कुनाला?" धुरातून मावशींचा आवाज आला.

कुणी हललं नाही. वैजनाथरावांनी आशेनं निलमकडे पाहिलं. ही शिकलेली, ही विज्ञानाची, ही तरी खोकेल. निलमचे गाल फुगले होते, डोळे बाहेर आले होते. पण ती तांड्यावरची पोर होती. तिच्या याडीनंही, म्हणजे आईनंही, तिची दृष्ट काढलेली होती आणि नियम तिला पाळण्यापासून पाठ होता. तिनं मान हलवली. साहेबांची टोपी मांडीवर थरथरत होती. साहेबांनीही मान हलवली. सगळं वसमत एका बाजूला आणि खोकला दुसऱ्या बाजूला, अशी वेळ होती.

आणि तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

आधी घुर्र. मग खर्र. मग स्पष्ट, माणसासारखं, छातीतून आलेलं, "खक्. खक्. खक्." वैजनाथरावांच्या अंगावरच्या मशीननं तीन गचके खाल्ले आणि ते बंद पडलं. दिवा गेला.

"ठसका आला," मावशी सावकाश म्हणाल्या. "डब्याला आला. म्हन्जे दिष्ट न्हाई आता. उतरली."

हे शब्द म्हणजे परवानगी होती. इतक्या दिवसांचा साठवलेला खोकला एकदम सुटला. तातेरावांचा पहिला ठसका घमेल्यातल्या राखेवर आदळला आणि राख छतापर्यंत उडाली. साहेब उभे राहिले ते थेट आशाबाईंच्या शिलाई मशीनवर. निलम कडी शोधत होती आणि तिला कपाटाची कडी सापडली. केळी घेऊन आलेला एक पाहुणा केळ्यांसकट भिंतीला धडकून "दार कुटं, दार कुटं" करत होता. सगळे एकमेकांना ढकलत होते आणि जो तो चुकीच्या दिशेला.

वैजनाथराव आयुष्यभर गर्दीपुढं बसले होते. गर्दी चुकीच्या बाजूला निघाली की त्यांच्या आत काहीतरी आपोआप उठे. ते उठलं. आवाज नव्हता, फाटकं पायतान फरशीवर ओढावं तसा एक घोगरा सूर होता. पण त्यांनी छाती पुढं काढली, डोळे मिटले, आणि ते बोलले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे."

सगळे जागच्या जागी थांबले. खोकलासुद्धा.

"बाहेर जाणारी वाट स्वयंपाकघरातून मागल्या दारानं आहे. प्रथम महिला. नंतर साहेब. तातेरावांनी ढकलाढकली करू नये. घमेल्यापासून सावध राहावे."

आणि माणसं रांगेनं निघाली. निलम, आशाबाई, मावशी, मग साहेब टोपी छातीशी धरून, मग तातेराव, मग केळी. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला नाही. मागच्या अंगणात सगळे ओळीनं तुळशीजवळ उभे राहून खोकले. ज्याचा जसा नंबर तसा.

पुरेसं खोकून झाल्यावर साहेबांनी रुमालानं डोळे पुसले. धूर दारातून अजून येत होता.

"वैजनाथराव," ते म्हणाले, "त्या खोक्यातल्या बाईला हे जमलं नसतं." मग टोपी डोक्यावर चढवत म्हणाले, "तिला तातेराव माहीत न्हाईत."

*

निलमनं मशीन उघडलं तेव्हा आतली गाळणी डांबराच्या गोळीसारखी झाली होती. तिनं ती बदलली. मग ती मावशींजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, दृष्ट बोटं मोडूनही निघते ना?"

"निगती की. पन ती लेकरांची."

"काका आता लेकरासारखेच झालेत. बोलता येत नाही त्यांना."

मावशींना हे पटलं. मग निलमनं पट्टे सोडवले आणि मशीन मावशींच्या छातीवर बांधलं. "आता हे साखऱ्याला न्या. चुलीपुढं बसा, भाकरी करा, रोज जसं राहता तसंच राहा. मला तुमच्या छातीत काय जातं ते बघायचंय."

"माझ्या?" मावशींनी विचारलं. त्यांच्या छातीत काय जातं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी नळी पदराखालून बाहेर काढून नीट केली. "बरं. पन शिवरात्र झाल्यावर जाते. जावयाचं ऐकून."

*

शिवरात्रीला स्टँड फुलून गेला होता. दोन दिवस घरात निखारा नव्हता, मिरची फक्त भाजीत होती, आणि वैजनाथराव कोमट पाण्याच्या गुळण्या करत होते. आवाज पुरता आला नव्हता. पण वैजनाथरावांनी "हिंगोली" म्हटलं आणि शेंगदाणे खाणारे बाक रिकामे झाले.

नियंत्रकाच्या खोलीला काचा अजून नव्हत्या, मागणीपत्र वर गेलं होतं. त्यामुळं मावशींना खिडकीतून आत वाकता आलं. छातीवर डबा, गळ्यापाशी नळी, दिवा हिरवा.

"बगा जावईबापू," त्या म्हणाल्या, "उतरली का न्हाई दिष्ट? तुमच्या त्या डाक्टरला उतरवता आली असती का?"

माइक चालूच होता. सगळ्या स्टँडनं ते ऐकलं. वैजनाथरावांनी डॉक्टरांची आठवण काढली, निलमच्या डोंगराची काढली, मग समोरच्या त्या कौतुकानं उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. सांगायला खूप होतं. त्यांनी मान हलवली. जशी रोज हलवत होते तशी.

मावशींनी दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. माइकमधून तो आवाज भोंग्यातून असा सुटला की फलाट तीनवरच्या एका नवरदेवाचा घोडा बिथरला आणि औंढ्याच्या जादा गाडीत पुढचे दोन पाय टाकून उभा राहिला.

वैजनाथराव माइककडे वळले.

*

प्रवाशांनी लक्ष द्यावे. औंढ्याला जाणाऱ्या जादा गाडीत फक्त माणसांनी चढावे. घोड्याच्या मालकाने घोडा खाली उतरवून घ्यावा. ज्या प्रवाशांना ठसका येत असेल, त्यांनी तो मोकळेपणाने काढावा. गाडी तोवर थांबेल.